जुनी शिडाची बोट घेताय? आधी तिची राहिलेली कामं मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघं व्हर्जिनियात राहता, दोन मुलं आहेत, मोठी दहाची आणि धाकटा सातचा. दोन उन्हाळे शीड चालवायचे धडे घेतलेत, भाड्याच्या बोटीवर चेसापीकच्या मोठ्या खाडीत चार-पाच रात्री काढल्यात, आणि आता स्वतःची बोट हवी आहे. मेरिलँडमधल्या ॲनापोलिसजवळच्या एका मरिनात, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यावर, १९८८ सालची कॅटलिना ३४ ही ३४ फुटी शिडाची बोट पाहून आलात. मालक ३४,००० डॉलर मागतोय. तुम्हाला तीन गोष्टी विचारायच्या आहेत: किंमत रास्त आहे का, सर्व्हेवर, म्हणजे जाणकाराकडून बोट तपासून घेण्यावर, हजारभर डॉलर घालावेत का, आणि एच-वन-बी व्हिसावर असताना बोट नावावर होते का.

मी बावीस वर्षं याच पाण्यात बोट ठेवतोय. तीन घेतल्या, दोन विकल्या, आणि ओळखीच्या बऱ्याच जणांबरोबर बोटी बघायला गेलोय. त्यातून शिकलो ते सगळं सांगतो.

कागदांपासून सुरुवात करतो, कारण वेळ तिथेच जातो. एच-वन-बीवर बोट घेता येते. मात्र इथे बोटीची नोंद दोन प्रकारे होते, एक राज्याकडे आणि दुसरी कोस्ट गार्डकडे, जिला डॉक्युमेंटेशन म्हणतात. पाच नेट टनांपासून पुढच्या बोटींना डॉक्युमेंटेशन मिळू शकतं आणि ३४ फुटी बोट सहसा त्यात बसते, पण मालक अमेरिकन नागरिक असावा लागतो. ग्रीन कार्डवाल्यालाही ते मिळत नाही. म्हणजे तुम्ही राज्याचं टायटल, म्हणजे मालकीचा कागद, घ्यायचं. खाडीत फिरायला तेवढं भरपूर आहे.

अडचण येते ती सध्याच्या मालकाने बोट डॉक्युमेंटेड ठेवली असेल तर. आधी कोस्ट गार्डच्या दप्तरातून तिचं नाव कमी करून घ्यावं लागतं, आणि तो दाखला हातात आल्याशिवाय राज्याचं टायटल पुढे सरकत नाही. हे दोन दिवसांचं काम नाही, आठवडे जातात. दाखला कोणी आणायचा आणि कधीपर्यंत, हे करारात लिहून घ्या. डॉक्युमेंटेड बोटीचा मालकीचा पूर्ण इतिहास कोस्ट गार्डकडून मागवता येतो. थोड्या फीमध्ये कळतं की बोटीवर कुणाचं कर्ज उभं आहे की नाही. गावाकडे जमीन घेताना सातबारा बघतो ना, तसाच हा कागद बघायचा.

कराचंही धरून ठेवा. बोट मेरिलँडमध्येच ठेवणार असाल तर खरेदीवर पाच टक्के कर आहे, म्हणजे ३४,००० वर १,७०० डॉलर. डेलावेअरला नोंद करा, कर वाचेल, असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. बोट वर्षातले बहुतेक दिवस मेरिलँडच्या पाण्यात राहणार असेल तर मेरिलँड कर मागणारच. त्या वाटेला जाऊ नका.

आता किंमत. ३४,००० जास्त की कमी, हे मी इथून सांगू शकत नाही. त्याच वर्षाची, त्याच बनावटीची बोट मी १८,००० लाही महाग म्हटली आहे आणि ३८,००० लाही स्वस्त. जुन्या बोटीची किंमत तिच्या वयावरून कळत नाही, तिची कुठली मोठी कामं झालीत आणि कुठली राहिलीत यावरून कळते. मोठी कामं मोजून पाच: डोलकाठी उभी धरणाऱ्या तारा, म्हणजे स्टँडिंग रिगिंग, इंजिन, शिडं, डेक, आणि तळ व कील, म्हणजे तळाखालचा वजनदार पंखा. बाकी गादीची खोळ, वार्निश, चार्टप्लॉटर, रेडिओ हे सगळं किरकोळ. विकणारा जाहिरातीत किरकोळाचीच यादी आधी देतो, कारण ते फोटोत दिसतं.

आमच्या भागात हल्ली ३४ फुटी बोटीचं स्टँडिंग रिगिंग बदलायला सात ते दहा हजार डॉलर जातात. मोठं शीड आणि पुढचं जेनोआ दोन्ही चांगल्या डॅक्रॉनमध्ये, म्हणजे शिडांच्या कृत्रिम कापडात, शिवून घेतलं तर सहा-सात हजार. नवं डिझेल इंजिन बसवून घ्यायचं तर वीस हजारांच्या पुढेच. डेक आतून कुजलं असेल तर त्याला ठराविक आकडा नाही. स्वतः कराल तर दोन उन्हाळे जातात, यार्डाकडून, म्हणजे बोटी दुरुस्त करणाऱ्या कारखान्याकडून, करून घ्याल तर बोटीच्या किमतीएवढं बिल येतं. आता समजा एका बोटीची मागणी २४,००० आहे आणि तिच्या तारा १९८८ च्या, शिडं पोत्यासारखी मऊ पडलेली. दुसरीची मागणी ३४,०००, पण तारा सहा वर्षांपूर्वीच्या, शिडं चार वर्षांची, आणि सगळ्याची बिलं फायलीत लावलेली. दुसरीच स्वस्त आहे. शिवाय तुम्ही पहिल्याच उन्हाळ्यात तिच्यावर फिराल, पहिलीवर काम करत बसाल. तुमच्या मुलांची वयं बघता हा फरक मला पैशांपेक्षा मोठा वाटतो.

डेकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या पहिल्या बोटीत मी तिथेच चुकलो. १९८१ ची तीस फुटी होती. नोव्हेंबरात पाहिली, यार्डात उभी, वरून पांढरं प्लास्टिक ताणून गुंडाळलेली. आतून देखणी, सागवानी लाकूड तेल लावून चमकवलेलं. सर्व्हे केला नाही, पाण्यात चालवून बघितली नाही, हिवाळ्याआधी विकायची म्हणून मालकाने किंमत उतरवली आणि मी घेतली. एप्रिलमध्ये प्लास्टिक काढलं आणि पहिला पाऊस झाला. डाव्या बाजूच्या सोफ्यामागे एक बारीक तपकिरी ओघळ दिसला. डोलकाठीच्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना अडकवतात त्यांना चेनप्लेट म्हणतात. त्या माझ्या बोटीत डेकमधून खाली येऊन आतल्या प्लायवूडच्या भिंतीला बोल्टने बसवल्या होत्या. ओघळ त्या भिंतीवर होता. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक सहज टेकवलं तर ते मुठीपर्यंत आत गेलं. चहात बुडवलेली खारी जशी बोटात सुटते तसं ते लाकूड होतं. अख्ख्या डोलकाठीचा एका बाजूचा भार त्या लाकडावर होता, आणि आधीच्या आठवड्यात मी बायकोला पहिल्यांदा त्या बोटीवर वाऱ्यात नेलं होतं. तो उन्हाळा पूर्ण दुरुस्तीत गेला.

फायबरग्लासच्या बोटीचं डेक सँडविचसारखं असतं. वर-खाली फायबरग्लासचा थर आणि मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड. त्यावर जिथे जिथे काही बोल्टने बसवलंय, रेलिंगचे खांब, दोर अडकवायचे क्लीट, खिडक्या, तिथल्या भोकातून पाणी झिरपतं आणि मधलं लाकूड कुजतं. वरून काहीच दिसत नाही. पण ऐकू येतं. माठ घेताना आपण टिचकी मारून बघतो, तेच इथे करायचं. प्लॅस्टिकच्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर उलटा धरा आणि दर चार इंचावर हलकेच ठोका. निरोगी डेक टणटण वाजतं. कुजलेल्या जागी आवाज बसका होतो, थप्प. हात सरावायला दहा मिनिटं लागतात, मग चुकत नाही. चालतानाही पायाखाली कुठे दबतंय का बघा. थप्प आवाजाचा हातभर तुकडा एखाद्या क्लीटभोवती असेल तर किमतीत धरून पुढे जाता येतं. डोलकाठीच्या पायाशी किंवा चेनप्लेटभोवती असेल तर तिथून परत फिरा.

आणि शक्य झालं तर पाऊस पडून गेल्यावर बोट बघायला जा. कपाटं उघडून कोपऱ्यांत हात फिरवा, गाद्यांखाली बघा, चेनप्लेट जिथे डेकमधून आत येते तिथे हाताचं बोट लावून बघा. उन्हाळ्यात कोरडी दिसणारी बोट पावसानंतर सगळं सांगून टाकते.

तारांचं म्हणजे असं की त्या स्टेनलेस स्टीलच्या असतात आणि वरून चकचकीत दिसत असतानाच आतून जातात. तार जिथे टोकाच्या नळीत दाबून बसवलेली असते तिथे खालच्या टोकाला पाणी साचतं. त्या नळीवर नख फिरवा. केसाएवढी चीर लागली, किंवा गंजाची बारीक रेघ दिसली, तर ती तार संपली समजा. खाऱ्या पाण्यात दहा-पंधरा वर्षांनी तारा बदलायच्या असा सर्वसाधारण दंडक आहे. ॲनापोलिसच्या आसपास पाणी निमखारं आणि वर्षातले पाच महिने बोटी बंद, त्यामुळे इथे थोड्या जास्त टिकतात. पण विमा कंपनी ‘इथे टिकतात’ हे ऐकून घेत नाही, ती साल विचारते. ‘मागच्या मालकाने बदलल्या होत्या बहुतेक’ या उत्तराचा अर्थ बदललेल्या नाहीत असाच धरायचा. बिल असेल तर काम झालं, नसेल तर राहिलं.

इंजिन. या सालच्या कॅटलिना ३४ मध्ये युनिव्हर्सलचं एम-२५ किंवा एम-२५एक्सपी असतं, तीन सिलिंडरचं डिझेल, मूळ ब्लॉक कुबोटाचा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्यांचा. दणकट आहे, नीट ठेवलं तर हजारो तास चालतं. त्याची दोन दुखणी मात्र ठरलेली आहेत. पहिलं, अल्टरनेटर धरणारा मूळ ब्रॅकेट कमकुवत होता. तो हलत राहिला की इंजिनाच्या पुढच्या ओतीव भागाला तडा जातो. सुधारित ब्रॅकेट नंतर आला, तो बसवलाय का ते विचारा आणि डोळ्यांनी बघा. दुसरं, इंजिनापासून कॉकपिटमधल्या पॅनेलपर्यंत जाणाऱ्या विजेच्या तारांच्या जोडणीत ट्रेलरच्या दिव्यांना असतात तसे प्लग वापरले होते. चाळीस वर्षांच्या दमट हवेत ते गंजतात आणि तापतात. मी एक असा प्लग उघडला तेव्हा आतलं प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालं होतं, आणि त्या मालकाची तक्रार एवढीच होती की बॅटरी नीट चार्ज होत नाही. दोन्ही दुरुस्त्या फार खर्चाच्या नाहीत. पण झालेल्या असतील तर त्यावरून मालक कसा होता ते कळतं. हे ज्याने केलं त्याने बाकीचंही वेळच्या वेळी केलं असणार.

इंजिन बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की ते सुरू करून ठेवू नका. पोचल्याबरोबर पहिलं काम म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर तळहात ठेवायचा. कोमट लागला तर दुसऱ्या दिवशी परत या, कारण डिझेलचं खरं काय ते गार असतानाच कळतं. गार इंजिन काही सेकंदांत पेटलं पाहिजे. सुरुवातीला थोडा धूर चालतो, मिनिटभरात विरला पाहिजे. काळा धूर म्हणजे प्रोपेलरवर भार जास्त किंवा हवा कमी. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा आणि न थांबणारा असेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनची शंका. मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी भरभरून फेकलं जातंय ना ते बघा. मग पाण्यात नेऊन पूर्ण गती द्या. या इंजिनाने मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास जायला हवं, आणि तिथे दहा मिनिटं ठेवल्यावर तापमानाचा काटा एका जागी स्थिर राहायला हवा. तो हळूहळू चढत असेल तर आतले पाण्याचे मार्ग तुंबलेत. तासांच्या आकड्याला फार भुलू नका. वर्षाला सत्तर-ऐंशी तास नियमित चाललेलं दोन हजार तासांचं इंजिन मला चारशे तासांच्या, दहा वर्षं बंद पडून राहिलेल्या इंजिनापेक्षा जास्त विश्वासाचं वाटतं.

तळाचं काम बोट पाण्याबाहेर काढूनच होतं. ट्रॅव्हललिफ्टच्या, म्हणजे बोट उचलणाऱ्या चाकांच्या क्रेनच्या, पट्ट्यांत बोट उचलली की सर्व्हेयर खालून ठोकत जातो. शिशाचं कील आणि बोट यांच्या सांध्यात पुढच्या बाजूला आडवी चीर दिसली तर घाबरून जाऊ नका, जुन्या कॅटलिनांमध्ये ती इतकी नेहमीची आहे की तिला ‘कॅटलिना स्माइल’ असं नावच पडलंय. कीलचे बोल्ट नीट आवळून सांधा भरला की बहुतेकदा भागतं. मात्र त्या चिरेतून गंजाचं पाणी ठिबकत असेल, किंवा आत बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या आतल्या सगळ्यात खालच्या पोकळीत, बोल्टच्या नटांचे पापुद्रे सुटत असतील, तर बोल्टची तपासणी झाल्याशिवाय सही करू नका. सुकाणूच्या पात्याच्या खालच्या टोकाकडेही लक्ष ठेवा. बोट उचलून पंधरा मिनिटं झाली तरी तिथून थेंब पडत असतील तर आत पाणी शिरलंय. तळावरचे बारीक फोड त्या काळच्या बऱ्याच बोटींना असतात. दहा-वीस असतील तर मी त्यांच्यावरून झोप उडवत नाही.

तुमच्या बोटीचं कील कुठलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. चेसापीकची सरासरी खोली फक्त एकवीस फूट आहे, आणि रात्री नांगर टाकायच्या ज्या शांत खाड्या, त्या त्याहून उथळ. विंग कील, म्हणजे खाली पंख असलेलं आखूड कील, असेल तर बोटीला चार-सव्वाचार फूट पाणी पुरतं, फिन कीलला, म्हणजे साध्या खोल कीलला, साडेपाचाच्या पुढे लागतं. शर्यती करायच्या नसतील तर इथे विंग घ्या. विकतानाही इथे तिलाच मागणी असते.

बाकीचं भराभर. तळाला जिथे जिथे पाइप बाहेर जातो तिथला प्रत्येक कॉक स्वतः फिरवून बघा, अडकलेला असेल तर लिहून ठेवा. घरच्या नळासारखा गोल चाकाचा व्हॉल्व्ह दिसला तर तो बदलायचाच. टॉयलेटच्या होजवर गरम ओला फडका घासा आणि फडक्याचा वास घ्या. होज मुरलेला असेल तर वास लगेच येतो, आणि तो वास बोटीतून घालवायला सगळे होज बदलावे लागतात. स्वयंपाकाची शेगडी प्रोपेनची असेल तर सिलिंडरचं कपाट स्वतंत्र, बंद आणि बोटीच्या बाहेर वायू निघेल असं हवं. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर बिल्जमध्ये जाऊन बसतो. त्या शेगडीसमोर वहिनींना पाच मिनिटं उभं करा, तुम्हीही उभे राहा. कुकर ठेवून बघा. वरणभाताचा कुकर बोटीवर फार उपयोगाचा, झाकण लागलेलं असतं, बोट हलली तरी सांडत नाही.

बोटीच्या मागच्या फळीवर उजवीकडे बारा अक्षर-अंकांचा क्रमांक कोरलेला असतो. शेवटच्या चारांत बांधणीचा महिना, साल आणि मॉडेलचं साल असतं. जाहिरातीतल्या वर्षाशी जुळवून बघा. आणि मालकाला विचारा की २०१२ च्या ऑक्टोबरात ही बोट कुठे होती. सँडी वादळात पूर्व किनाऱ्यावर, मुख्यतः न्यू जर्सी-न्यूयॉर्ककडे, पासष्ट हजारांहून अधिक बोटींचं नुकसान झाल्याचा अंदाज होता. त्यातल्या कितीतरी विमा कंपन्यांनी लिलावात काढल्या आणि रंगरंगोटी होऊन त्या पुन्हा बाजारात आल्या. ॲनापोलिसची बोट असेल तर २००३ च्या सप्टेंबरातल्या इझाबेल वादळाबद्दलही विचारा. तेव्हा शहराच्या धक्क्यावर पाणी चढलं होतं.

सर्व्हे करायचाच. फुटाला पंचवीसेक डॉलर धरा, म्हणजे साडेआठशे, आणि बोट उचलायचे तीन-चारशे वेगळे. ३४,००० च्या व्यवहारात ही कंजुषी करायची जागा नाही. शिवाय इतक्या जुन्या बोटीचा विमा ताज्या सर्व्हेशिवाय बहुतेक कंपन्या उतरवत नाहीत, आणि विम्याच्या कागदाशिवाय मरिना जागा देत नाही. सर्व्हेयर सॅम्स किंवा नॅम्स या संघटनांचा सभासद असावा आणि तो तुम्ही निवडावा. विकणाऱ्याच्या ब्रोकरने एकच नाव पुढे केलं तर आभार मानून दुसरा शोधा. ब्रोकर साधारण दहा टक्के घेतो, ते विकणाऱ्याच्या खिशातून जातात, आणि त्यामुळे तो त्याचाच माणूस असतो. बहुतेक ब्रोकर सरळ असतात, पण तो कुणासाठी काम करतोय हे डोक्यात पक्कं ठेवा. सर्व्हेच्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा आणि दिवसभर सर्व्हेयरच्या मागे मागे फिरा. पन्नास पानी अहवालात जे कळणार नाही ते त्याच्या चेहऱ्यावर कळतं.

व्यवहार असा चालतो: तुम्ही लेखी ऑफर देता, सोबत दहा टक्के अनामत, जी ब्रोकरच्या एस्क्रो खात्यात, म्हणजे व्यवहार पुरा होईपर्यंत पैसे वेगळे राखून ठेवायच्या खात्यात, राहते. करारात एक तारीख असते, तोपर्यंत सर्व्हे आणि पाण्यातली चाचणी करून तुम्ही बोट स्वीकारता, नाकारता, किंवा नव्या किमतीला स्वीकारता. त्या तारखेपर्यंत नाकारली तर अनामत परत मिळते. तारीख चुकवू नका. सर्व्हेत निघालेल्या प्रत्येक बारीकसारीक गोष्टीवरून घासाघीस केली तर मालक वैतागतो, आणि ते बरोबरही आहे. चाळीस वर्षांच्या बोटीत त्या असणारच. जाहिरातीत लपलेलं मोठं काम निघालं तर मात्र ठामपणे आकडा मांडा, यार्डाचा अंदाजपत्रकाचा कागद जोडून.

वेळेबद्दल एक गोष्ट. ॲनापोलिसला दर ऑक्टोबरात शिडाच्या बोटींचा मोठा मेळा भरतो. तो संपला की ज्यांना हिवाळ्याचं यार्डाचं भाडं पुन्हा भरायचं नाही असे मालक नरम येतात. कोकणात आमच्याकडे पावसाळ्याआधी होड्या ओढून किनाऱ्यावर शाकारतात, तसं इथे थंडीआधी. ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य हा घेणाऱ्याचा काळ. पण बोट पाण्याबाहेर जाण्याआधी चाचणी उरकायला हवी. एकदा ती यार्डात चढली की इंजिन आणि शिडं वसंतापर्यंत कळत नाहीत. तशी वेळ आलीच तर किमतीतले काही हजार एस्क्रोमध्ये राखून ठेवायचे आणि एप्रिलच्या चाचणीनंतर सोडायचे, असं करारात घाला. माझ्या दुसऱ्या बोटीच्या वेळी मी हेच केलं, मालक लगेच तयार झाला.

तुम्ही विकण्याबद्दल विचारलेलं नाही, पण चार-पाच वर्षांनी विकालच, तेव्हा आत्तापासून एक फाइल करा. प्रत्येक बिल, तारीख, इंजिनाचे तास. माझी दुसरी बोट विकताना मी ४२,००० मागितले होते. पहिल्याच महिन्यात ३७,००० ची ऑफर आली, ती नाकारली. मी तिच्यावर खूप काम केलं होतं, ते सगळं मला किमतीत दिसत होतं. चौदा महिन्यांनी ती ३१,००० ला गेली, आणि तोवर जागाभाडं, विमा, दोन हिवाळ्यांची बांधाबांध हे सगळं मीच भरत होतो. आलेली पहिली ऑफर बहुतेकदा चांगली असते. विकायला काढाल तेव्हा बोटीतून स्वतःचं सगळं सामान आधी उतरवा, कपाटं रिकामी आणि बिल्ज धुऊन कोरडं ठेवा. बिल्ज कोरडं दिसलं की घेणारा अर्धा निर्धास्त होतो. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय किल्ली देऊ नका. आणि विकल्याची नोंद राज्याकडे स्वतः करा, घेणाऱ्यावर सोडू नका. नाहीतर वर्षभराने कुठल्यातरी खाडीत टाकून दिलेल्या बोटीसाठी पत्र तुमच्या पत्त्यावर येतं.

आता लगेच करायचं ते एवढंच. ब्रोकरला फोन न करता लेखी विचारा: स्टँडिंग रिगिंग कुठल्या साली बदललं आणि त्याचं बिल, अल्टरनेटरचा ब्रॅकेट आणि इंजिनाच्या तारांची जोडणी बदललीय का, कील विंग की फिन, आणि बोट डॉक्युमेंटेड आहे की राज्याच्या टायटलवर. उत्तरं आली की इथे टाका, सोबत चेनप्लेटच्या खालच्या भिंतीचे दोन्ही बाजूंचे फोटो. मग ३४,००० वर बोलू.